जमिनीतून धूर निघणारं गाव

१८७७ च्या उन्हाळ्यात केंटकी राज्यात जॉर्जटाउन आणि लेक्सिंग्टनच्या पंचक्रोशीत एक छापील पत्रक हातोहात फिरत होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणी ना कुणी वाचून दाखवत असे. पश्चिमेला कॅन्सस राज्यात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्यापाशी काळ्या माणसांचं स्वतःचं गाव वसतं आहे; नाव निकोडेमस; पाच डॉलर भरा आणि चला. पत्रक काढणाऱ्या ‘निकोडेमस टाउन कंपनी’ची स्थापना त्याच वर्षी १८ एप्रिलला झाली होती. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, चिटणीस रेव्हरंड सायमन राउंडट्री, पत्रव्यवहार सांभाळणारे झेड. टी. फ्लेचर, हे सगळे कृष्णवर्णीय. जमिनीच्या व्यवहारात मुरलेला डब्ल्यू. आर. हिल हा त्यांच्यातला गोरा. हा हिल चर्चमधून भाषणं देत हिंडला. जमीन कसदार आहे, शिकार मुबलक आहे, माळावर घोडे मोकळे फिरतात, धरायचे आणि नांगराला जुंपायचे, असं तो सांगे.

समोर बसून ऐकणाऱ्यांना स्वातंत्र्य मिळून जेमतेम बारा वर्षं झाली होती. यादवी युद्धात केंटकी संघराज्याच्या बाजूने राहिलं, त्यामुळे लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागूच झाला नाही. तिथली गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. संपली म्हणजे कागदावर. जमीन जुन्या मालकाची, बियाणं त्याचं, दुकानही त्याचंच, आणि वर्षाअखेर हिशेब करायला बसलं की कर्ज आधीपेक्षा वाढलेलं. रात्री-अपरात्री दारावर येणाऱ्या टोळ्या वेगळ्याच. अशा माणसाला कुणी सांगितलं की १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षं कसली की ती तुझ्या नावावर होते, तर तो घोड्यांची चौकशी कशाला करेल?

मी कॅन्ससच्या पश्चिम भागात गेली बरीच वर्षं राहते. निकोडेमस आमच्यापासून मोटारीने फार लांब नाही. चोवीस नंबरच्या हायवेला लागून पाच जुन्या इमारती, थोडी घरं, पाण्याची टाकी आणि चहूबाजूंनी गहू आणि ज्वारीची शेतं. कायमची वस्ती आज वीस माणसांचीही नाही. गाडीचा वेग जरा जास्त असेल तर गाव मागे पडल्याचं कळतही नाही. या गावाची हकिकत मला सांगितली ती तिथल्या एका आजींनी. त्यांचे पणजोबा-पणजी त्या पहिल्या गाड्यांतून आलेले. आजींचं वय ऐंशीच्या पुढे, काठी हातात, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. गोष्ट सांगताना त्या ‘ते’ म्हणत नाहीत, ‘आम्ही’ म्हणतात. “आम्ही एलिसला उतरलो तेव्हा...” असं सुरू झालं की मध्ये दीडशे वर्षं गेली आहेत हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

तर एलिस. रेल्वे तिथवरच उपयोगाची. जुलै १८७७ मध्ये टोपेकाहून तीसेक माणसांची एक लहान तुकडी आधी येऊन गेली होती. सप्टेंबरात केंटकीहून जो मोठा जथा आला त्यात तीनशेच्या वर माणसं होती. एलिसपासून निकोडेमस पस्तीसेक मैल. रस्ता नाही, झाड नाही, खूण म्हणून धरावं असं काही नाही. सामान भाड्याच्या गाड्यांत टाकून माणसं दोन दिवस चालली. त्यांच्यात एमा विल्यम्स होती, दिवस भरत आलेली. गावात जन्मलेलं पहिलं मूल तिचं, हेन्री.

ज्या दृश्याने हे गाव ओळखलं जातं ते मात्र पुढच्या वर्षीचं. १८७८ च्या वसंतात केंटकीहून आणखी एक तुकडी आली. तिच्यात रेव्हरंड डॅनियल हिकमन आणि त्यांची पत्नी विलियाना होती. एलिसला उतरल्यावर मुलांमध्ये गोवराची साथ पसरली. माळावर तंबू ठोकून माणसं साथ ओसरायची वाट बघत राहिली, आणि काही आईबापांनी आपली मुलं तिथेच पुरली. मग पुढची वाट धरली. होकायंत्रावर दिशा, रात्री जनावरं जवळ येऊ नयेत म्हणून शेकोट्या. एके दिवशी पुढे चालणारे पुरुष ओरडले, आलं, निकोडेमस आलं! विलियानाला बरं नव्हतं, पण ती आनंदाने उठून पाहू लागली. डोळे ताणून पाहिलं तरी गाव दिसेना. तिने नवऱ्याला विचारलं, कुठे आहे? नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर वर येत होता. माणसं जमिनीच्या आत राहत होती. विलियानाला रडू कोसळलं.

उतारवयात तिने स्वतःच हे सांगितलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. आज निकोडेमसला जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवली जाते. मला या गावाबद्दल माया वाटू लागली ती इथेच. गावं आपल्या आरंभाच्या ज्या कथा सांगतात त्यांत देवाचा दृष्टान्त असतो, पराक्रमी मूळपुरुष असतो, निदान गोड पाण्याचा झरा तरी असतो. या गावाच्या कथेच्या मध्यावर एक फसवली गेलेली, आजारी, रडणारी बाई आहे, आणि गावाने तिला तिथून कधी हलवलं नाही.

आमच्या घरी तसं नव्हतं. माझी आजी सोलापूर जिल्ह्यातली. १९७२ चा दुष्काळ तिने काढला. खडी फोडली, मुलांना सुकडी खाऊ घातली, रेशनवर मिळालेल्या अमेरिकेच्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापल्या. त्या भाकरीचा विषय निघाला की तिचा चेहरा आंबट व्हायचा. पण त्या वर्षी तुला रडू आलं का, असं विचारलं की ती “रडायला सवड कुठं होती?” म्हणून उठून जायची. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी किती काय सोसलं ते आपल्याला कळतं, पण त्या सोसण्याच्या आत काय होतं ते ती बरोबर घेऊन जातात. निकोडेमसच्या शिवेवर पहिल्यांदा मी तांबूस कणसांनी भरलेलं शेत पाहिलं आणि सोबतच्या माणसाला हे काय म्हणून विचारलं, तर तो सहज म्हणाला, मायलो. आजीच्या तोंडचा शब्द या माळावर ऐकून मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

ती जमिनीतली घरं कशी होती ते आजींनी मला काठीने जमिनीवर आखून दाखवलं. उताराच्या अंगाला खोदायला सुरुवात करायची. पुरुषभर खोल, एका खोलीएवढं. तीन बाजूंनी मातीच भिंत होते. चौथी बाजू दगडांनी किंवा मुळासकट कापलेल्या गवताच्या ढेपांनी रचायची, तिच्यात दार. वर काठ्या, काठ्यांवर काटक्या-गवत, त्यावर मातीचा थर. धुरासाठी एक भोक. आमच्याकडची माळवदी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी माळवद जमिनीच्या पातळीवर आहे आणि घर त्याच्या खाली गेलं आहे अशी कल्पना करावी. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा. पण पाऊस एक दिवस पडला तर छत तीन दिवस ठिबकायचं. मातीतून साप खाली पडायचे. जळणाला लाकूड नाही म्हणून बायका-मुलं सूर्यफुलाची वाळलेली ताटं, नदीकाठचं वाळुंज आणि रानरेड्यांच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या गोळा करायची. विलियानाला लांबून दिसला तो धूर याच जळणाचा.

एका उतारावर गवताने भरलेला एक खळगा आजी दाखवतात. मोटारीतून उतरून चालत जावं लागतं. मी त्या खळग्यात उभी राहिले तर वारा एकदम थांबला आणि पावलांखालची माती वरच्या मातीपेक्षा थंड लागली. तिथे कुणाचं घर होतं हे आजींना ठाऊक आहे. कागदावर ते कुठे नसेल.

पहिला हिवाळा भयंकर होता. सप्टेंबरात आलेल्या माणसांना पेरणीचा हंगाम मिळालाच नाही. नांगर-बैल नव्हते, वसंतात जमीन फोडली ती कुदळी-फावड्यांनी. हिलने सांगितलेले घोडे कुणाला दिसले नाहीत. आल्या आल्याच काही कुटुंबं परत फिरली होती. उरलेले हिलच्या जिवावर उठले. त्याला गवताच्या गाडीत लपवून बाहेर काढलं, असं म्हातारी मंडळी सांगतात. पुढे याच हिलच्या नावाने त्याच काउंटीत हिल सिटी हे शहर उभं राहिलं आणि आज काउंटीचं मुख्य ठाणं तेच आहे. आजी त्या शहराच्या दवाखान्यात जातात, तिथल्या दुकानातून किराणा आणतात, आणि हिलचं नाव घेताना आवाज चढवत नाहीत. “त्याने थापा मारल्या,” त्या म्हणतात. “पण त्या थापांमुळे आम्ही इथे आहोत. दोन्ही खरं आहे.”

त्याच हिवाळ्यातली दुसरी गोष्ट ओसेज लोकांची. शिकारीहून परतणारी ओसेज माणसं या वस्तीजवळून गेली. त्यांना बघून आधी सगळे घाबरले. पण त्यांनी आपल्या शिकारीतलं मांस या उपाशी माणसांना दिलं, आणि म्हणून तो हिवाळा निभावला. आजी हे सांगतात तेव्हा मला ते ओसेज डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या स्वतःच्या कॅन्ससमधल्या जमिनी काहीच वर्षांपूर्वी काढून घेतल्या होत्या आणि त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, धाडलं होतं. ज्या माळावर पाच वर्षं राहिलं की मालकी मिळत होती तो माळ पॉनी, कान्झा, शायेन लोकांच्या वहिवाटीचा होता. होमस्टेडचा कायदा १८६२ चा. त्याची ‘मोकळी’ जमीन कुणाला तरी हाकलूनच मोकळी झालेली होती. एका उखडलेल्या माणसाने दुसऱ्या उखडलेल्याला जेवू घातलं, ही त्या काळच्या सरकारी कागदांत सहसा न सापडणारी गोष्ट. ती म्हाताऱ्यांच्या तोंडी टिकली.

पोटासाठी पुरुष लांब लांब गेले. रेल्वेच्या कामावर, पूर्व कॅन्ससच्या शेतांवर, कोलोरॅडोपर्यंत. मागे जमिनीखालच्या घरांत बायका आणि मुलं. माळावर रानरेड्यांची हाडं विखुरलेली होती; ती वेचून खतासाठी विकली, टनाला सहा डॉलर मिळत. कॅन्ससच्या इतर गावांकडून धान्य-कपड्यांची मदतही आली, कारण फ्लेचरसारखे लोक दारोदार फिरून ती मागत होते. पण १८७९ मध्ये वस्तीने ठरवलं की आता बाहेरून मदत मागायची नाही. हा ठराव मला फार मोठा वाटतो. पीक अजून धड हाती आलेलं नाही, आणि माणसं म्हणताहेत, पुरे. त्याच वर्षी मिसिसिपी आणि लुइझियानातून हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससकडे लोटले. ‘एक्झोडस्टर’ म्हणून इतिहासात जे ओळखले जातात ते हेच. निकोडेमस त्या लाटेच्या आधीचं.

सायमन राउंडट्रीची गोष्ट तर मी आजींकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतली आहे. गुलामीत असताना मालकाच्या मुलाने त्याला चोरून अक्षरं शिकवली. ते उघडकीला आलं तेव्हा त्याच्या गालावर डागणी दिली गेली. गालावरचा तो डाग घेऊन हा माणूस धर्मोपदेशक झाला आणि या गावाच्या कागदांवर चिटणीस म्हणून सही करू लागला. गावातली पहिली शाळा जेनी स्मिथ फ्लेचरने आपल्या राहत्या जागेत भरवली. ही अध्यक्ष स्मिथ यांची मुलगी आणि फ्लेचरची बायको. नवरा पोस्टमास्तर, बायको मास्तरीण. ग्रॅहम काउंटीतला शाळा-जिल्हा क्रमांक एक निकोडेमसचा, हे आजी आजही क्रमांकावर जोर देऊन सांगतात. १९१८ साली बांधलेली त्या शाळेची इमारत उभी आहे. मी खिडकीला कपाळ टेकवून आत पाहिलं आहे. तिथे जेनी फ्लेचर कधी शिकवायला उभी नव्हती हे माहीत असूनही मला तीच दिसली.

इथे आपल्याकडचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना. निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली त्यानंतर दोनच दिवसांनी, २० एप्रिल १८७७ ला, सावित्रीबाईंनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. दख्खनच्या दुष्काळात माणसं गाव सोडून चालली आहेत, गुरं मरताहेत, सत्यशोधक मंडळी अन्नाची सोय करताहेत, असा त्यातला मजकूर आहे. ज्यांच्या मुक्तीचं पुण्यात एवढं अप्रूप होतं, त्यांच्यातलीच माणसं त्या वर्षी इकडे पाच डॉलरच्या पत्रकावर विश्वास ठेवून गाठोडी बांधत होती. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी पुण्याचा उच्चार नीट करून घेतला आणि विचारलं, “त्या बाईंची शाळा होती का?” होती म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू जेनी फ्लेचरची मैत्रीण सापडली.

१८८० नंतर गाव वर आलं. अक्षरशः वर, जमिनीतून निघून माणसं दगडी आणि लाकडी घरांत राहू लागली. फ्लेचरने सेंट फ्रान्सिस हॉटेल बांधलं, ते आजही आहे. ए.एम.ई. चर्च, बॅप्टिस्ट चर्च, किराणा दुकानं, बँक, बेसबॉलचा संघ. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि पुढच्या वर्षी ‘निकोडेमस एंटरप्राइज’, अशी दोन वर्तमानपत्रं एवढ्याशा गावातून निघत. १८७८ मध्ये इथे आलेला एडवर्ड मॅकेब हा तरुण वकील आधी काउंटीचा कारकून झाला आणि १८८२ मध्ये थेट राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. १८८४ मध्ये पुन्हा. जमिनीखालून निघालेला धूर बघून एक बाई रडली त्याला अवघी चार वर्षं झाली होती, आणि राज्याच्या तिजोरीचे हिशेब तपासायला त्या गावचा माणूस बसला होता. मॅकेब पुढे ओक्लाहोमाला गेला आणि लँगस्टन गाव वसवण्यात त्याचा हात होता. आजींचं त्याच्याबद्दल मत थोडं राखून आहे. जो गाव सोडून गेला तो कितीही मोठा झाला तरी त्यांच्या लेखी अर्धाच गावचा.

मग रेल्वे. हा भाग सांगायला कुणालाच आवडत नाही म्हणून तो थोडक्यात उरकला जातो. रेल्वे गावातून जाईल अशी सगळ्यांची खात्री होती. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी मिसूरी पॅसिफिक कंपनीला ओढून आणण्यासाठी सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. ती आली नाही. युनियन पॅसिफिकचे रूळ नदीच्या पलीकडून गेले, आणि १८८८ मध्ये तिथे बोग हे ठाणं वसलं. दुकानदारांनी दुकानं उचलली आणि नदीपलीकडे नेली. वर्तमानपत्रं बंद पडली. कुठल्याही नकाशावर बोट ठेवून बघा, अशी किती गावं रेल्वेच्या एका वळणाने मेली ते दिसेल. निकोडेमस मेलं नाही, कारण व्यापारी गेले तरी शेतकरी होते. पण ते पुन्हा कधी भरलंही नाही.

पुढे तीसच्या दशकातली धुळीची वादळं आणि मंदी. आजींच्या आईने ओल्या चादरी दारं-खिडक्यांना लावून मुलांना झोपवलेलं. त्याच हलाखीत सरकारच्या डब्ल्यू.पी.ए. योजनेतून गावाला टाउनशिप हॉल मिळाला. चुनखडीच्या दगडाचा, गावकऱ्यांनीच रोजंदारीवर बांधलेला, १९३९ मध्ये पुरा झालेला. त्या भिंतीचे दगड जवळून बघावेत. छिन्नीचे घाव सारखे नाहीत; प्रत्येक हाताचा घाव वेगळा. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवरचे तलावाचे बांध मला आठवले. पोटासाठी केलेल्या कामातही माणूस हात राखून काम करत नाही, हे त्या भिंतीत दिसतं.

१९५० मध्ये गावात सोळा माणसं उरली. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. पुढे शाळाही. मुलं डेन्व्हरला, टोपेकाला, कॅन्सस सिटीला, कॅलिफोर्नियाला गेली. याच गावात १९३२ मध्ये जन्मलेला व्हेरिल स्विट्झर फुटबॉलमध्ये एवढा चमकला की १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी त्याला देशभरातून चौथ्या क्रमांकावर निवडलं. पण त्याने गावची जमीन विकली नाही. पुढे विद्यापीठातली मोठी नोकरी सांभाळून तो इथे गहू पिकवत राहिला. स्विट्झर २०२२ मध्ये वारला. त्याचं नाव निघालं की आजी आधी गव्हाबद्दल बोलतात, मग फुटबॉलबद्दल.

गोष्टी टिकल्या त्या काही आपोआप टिकल्या नाहीत. लुलू सॅडलर क्रेग लहानपणी इथे आल्या, इथेच शिक्षिका झाल्या, आणि आयुष्यभर म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं लिहून ठेवत गेल्या. त्यांची कागदपत्रं आज कॅन्सस विद्यापीठात आहेत. नंतरच्या पिढीत अँजेला बेट्स यांनी ऐतिहासिक संस्था काढली, घरोघर जाऊन आठवणी गोळा केल्या, आणि १९९६ मध्ये संसदेने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. या कामात पुढाकार बायकांचा आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. गावचं काय सांगायचं हे पुरुषांच्या हाती असतं तर कदाचित मॅकेबचा पुतळा उभा राहिला असता आणि विलियानाचं रडणं गळालं असतं.

आणि दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माणसं परत येतात. १८७८ पासून हा मेळा भरतो आहे. मूळचा तो मुक्तिदिनाचा. वेस्ट इंडीजमधले गुलाम १ ऑगस्ट १८३४ ला मुक्त झाले, त्या दिवसाचा. स्क्रग्ज नावाच्या शेतकऱ्याच्या झाडीत तो पूर्वी भरायचा. आता टाउनशिप हॉलभोवती भरतो. वीस माणसांच्या गावात शेकडो माणसं. दहाव्या घोडदळाचे निळे गणवेश घातलेले ‘बफेलो सोल्जर’ घोड्यांवर, एवढ्याशा रस्त्यावरून मिरवणूक, चर्चमध्ये गाणं, मांस भाजल्याचा धूर, नंबरप्लेटांवर सात-आठ राज्यांची नावं. ओळख करून देताना कुणी नोकरी सांगत नाही, पणजीचं माहेरचं आडनाव सांगतात. ते आडनाव ऐकून समोरचा बोटांवर मोजतो आणि म्हणतो, म्हणजे आपण चुलत. माझ्यासारख्या परक्या बाईलाही हातात ताट दिल्यावर कुणीतरी विचारतंच, तुमचे लोक कुठले?

गेल्या मेळ्यात हॉलच्या सावलीत आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुढ्यात पोरं. त्यातली बरीचशी शहरांतली, पायांत महागडे बूट, हातांत फोन. आजींनी एलिसपासून सुरुवात केली. गोवर, तंबू, शेकोट्या, पुरुषांची हाक, धूर. रडण्यापाशी आल्यावर त्या नेहमीसारख्याच थांबल्या नाहीत की आवाज बदलला नाही. बाई रडली, असं म्हणून पुढे निघाल्या. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने त्यांना अडवलं. “मग ते परत का नाही गेले?”

“काही गेले,” आजी म्हणाल्या. “परतीच्या तिकिटाचे पैसे होते ते गेले. त्यांना नावं ठेवायची नाहीत.”

“आणि आपण?”

“आपल्याकडे नव्हते.” काठीने त्यांनी जेवणाच्या टेबलांकडे दाखवलं. “आता जा आणि ताट वाढून घे. तुझे डेन्व्हरचे भाऊ आलेत, ते काही शिल्लक ठेवायचे नाहीत.”